प्रतिसरकारचे अखेरचे साक्षीदार

नोव्हेंबर २०११ मध्ये जी. डी. बापू लाड निवर्तले. मार्च २०१२ मध्ये नागनाथअण्णा नायकवडी गेले. २०१७ साली कासेगावच्या इंदुताई पाटणकर, सप्टेंबर २०२१ मध्ये क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या कन्या हौसाताई पाटील आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये तुफान सेनेचे कॅप्टन रामभाऊ लाड यांनी जगाचा निरोप घेतला. एका दशकाच्या अवधीत साताऱ्याच्या प्रतिसरकारची ही फळी जवळजवळ संपुष्टात आली. १९४३ साली जो मुलगा पंधरा वर्षांचा होता, त्याचे वय २०२५ साली सत्त्याण्णव भरते. हा हिशेब साधा असला तरी त्याचा अर्थ गंभीर आहे. ज्या घटनेविषयी ‘मी तेथे होतो’ असे म्हणणारा माणूस कालपर्यंत गावच्या पारावर भेटत असे, ती घटना आता केवळ कागदपत्रांच्या स्वाधीन होत आहे. आणि प्रतिसरकारच्या बाबतीत हे कागदपत्र बहुतांशी त्याच्या शत्रूंनी लिहिलेले आहेत.

प्रत्येक निधनानंतर जे घडावयाचे ते रीतीप्रमाणे घडले. शासकीय इतमामात अंत्यसंस्कार झाले, बंदुकींच्या फैरी झडल्या, पुढाऱ्यांचे शोकसंदेश प्रसिद्ध झाले आणि ‘एका पर्वाचा अस्त’ झाल्याचे सर्वांनी एकमुखाने सांगितले. हे पर्व नेमके काय होते, याची वाच्यता मात्र त्या संदेशांतून अभावानेच आढळली. श्रद्धांजलीची आपली भाषा इतकी घोटीव झाली आहे, की मृताचे नाव बदलून तोच मजकूर दुसऱ्यासाठी वापरता यावा. ज्या स्मरणात स्मरणीय व्यक्तीचे वेगळेपण उरत नाही, ते स्मरण नव्हे, तो शिष्टाचार होय.

प्रतिसरकारचे वेगळेपण समजून घेण्यासाठी १९४२ च्या सप्टेंबरकडे वळावे लागते. ३ सप्टेंबरला तासगावच्या कचेरीवर मोर्चा गेला, ९ सप्टेंबरला वडूज येथे आणि १० सप्टेंबरला इस्लामपूर येथे मोर्चेकऱ्यांवर गोळीबार झाला. निःशस्त्र मोर्चाची ही परिणती पाहिल्यानंतर जिल्ह्यातील तरुण कार्यकर्ते भूमिगत झाले आणि १९४३ पासून नाना पाटील यांच्या नेतृत्वाखाली त्यांनी गावोगाव समांतर कारभार उभा केला. सातारा जिल्हा त्या वेळी आजचा सांगली जिल्हा पोटात घेऊन होता. १९४९ साली त्याचे दोन भाग झाले आणि १९६० साली दक्षिण साताऱ्यास सांगली हे नाव मिळाले. तेव्हा ‘साताऱ्याचे प्रतिसरकार’ असे म्हणताना वाळवा, तासगाव, खानापूर हे तालुके आणि औंध संस्थानातील कुंडलसारखी गावे डोळ्यांपुढे असावयास हवीत. औंधच्या राजेसाहेबांनी १९३९ साली प्रजेला स्वराज्याची घटना दिली होती. त्या संस्थानाच्या मुलखात भूमिगतांना जो आसरा मिळाला, त्याची पार्श्वभूमी ही अशी आहे.

या चळवळीने रेल्वे अडविली आणि सरकारी खजिनाही लुटला. ७ जून १९४३ रोजी शेणोलीजवळ अडविलेली पुणे-मिरज गाडी आणि एप्रिल १९४४ मध्ये धुळे जिल्ह्यात चिमठाण्याजवळ लुटलेला साडेपाच लाखांचा खजिना ही तिची गाजलेली साहसे. परंतु तिचे खरे कार्य याहून शांत आणि याहून कठीण होते. गावात न्यायनिवाडा करणे, सावकाराच्या घशातील जमीन सोडवून देणे, दरोडेखोरांचा बंदोबस्त करणे, दारूबंदी घडविणे आणि खर्चाला फाटा देऊन गांधीपद्धतीची लग्ने लावणे, हा तिचा नित्याचा कारभार होता. सत्तेविरुद्ध बंड करणारे पुष्कळ असतात. बंडाच्या काळातच गावचा गाडा नीट हाकून दाखविणारे थोडे. जवळपास तीन वर्षे हा कारभार चालला, तो गावकऱ्यांनी चालू दिला म्हणून. हजारो घरांनी तोंड बंद ठेवले नसते, तर तो तीन महिनेही टिकता ना.

येथेच स्मरणाचा खरा प्रश्न उपस्थित होतो. भूमिगत चळवळीचे यश तिच्या अदृश्यतेत असते. जो निरोप्या कधी पकडला गेला नाही, त्याची नोंद कोणत्याच ठाण्यात नाही. ज्या बाईने उसाच्या फडात लपलेल्या तरुणांना पदरात झाकून भाकरी पोहोचविली, तिच्यावर वॉरंट निघाले नाही. कारण तिने काम चोख केले. पोलिसांच्या दप्तरात नाव येते ते फसलेल्यांचे. यशस्वी झालेले इतिहासाच्या दृष्टीने जणू अस्तित्वातच नसतात. त्यांचे अस्तित्व सिद्ध करणारा एकच पुरावा होता, तो म्हणजे त्यांची स्वतःची आणि त्यांच्या सोबत्यांची स्मृती.

स्वतंत्र भारताच्या शासनाने ही अडचण कशी हाताळली, हे पाहण्यासारखे आहे. स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवी वर्षी, १५ ऑगस्ट १९७२ रोजी, केंद्राची स्वातंत्र्यसैनिक निवृत्तिवेतन योजना सुरू झाली आणि १९८० साली तिला सन्मान योजनेचे स्वरूप मिळाले. तीत पात्रतेची मुख्य कसोटी सहा महिन्यांच्या कारावासाची ठेवण्यात आली. स्त्रिया आणि अनुसूचित जाती-जमातींतील सैनिकांसाठी ही मुदत तीन महिन्यांची होती. भूमिगतांना स्थान नव्हते असे नाही. पण फरारी म्हणून जाहीर झाल्याचा, पकडण्यासाठी इनाम लागल्याचा किंवा स्थानबद्धतेचा हुकूम निघाल्याचा दाखला त्यांच्याकडे मागितला जाई. म्हणजे देशासाठी काय केले याचे प्रमाणपत्र अखेर परकीय सरकारच्याच दप्तरातून आणावयाचे! ज्याच्यावर इंग्रजांनी इनाम लावले तो सैनिक ठरला. ज्याचा त्यांना पत्ताच लागला नाही तो केवळ शेतकरी राहिला. या चाळणीतून स्त्रिया, निरोपे, बलुतेदार आणि शेतमजूर हेच अधिक प्रमाणात गळावेत, यात आश्चर्य नाही.

अर्थात, कागदाचा आग्रह निव्वळ नोकरशाहीच्या हट्टातून आला असे म्हणणे अन्यायाचे होईल. तोंडी ग्वाहीचा बाजार कसा मांडला जातो, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. बीड जिल्ह्यात हैदराबाद मुक्तिसंग्रामाच्या नावावर बनावट स्वातंत्र्यसैनिकांनी निवृत्तिवेतन लाटल्याची प्रकरणे चौकशी आयोगापर्यंत आणि २००५ साली सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. खोट्या साक्षींच्या आधारे जे ‘सैनिक’ झाले, त्यांनी शासनाची तिजोरी तर लुटलीच. परंतु खऱ्या, कागद नसलेल्या सैनिकाच्या शब्दाची पतही घालविली. तेव्हा स्मृतीवर आंधळा विश्वास ठेवणे हा कागदावरील आंधळ्या विश्वासाला पर्याय होऊ शकत नाही. स्मृती तपासून घ्यावी लागते. आणि तपासून घ्यावयाची, तर सांगणारा हयात असावा लागतो.

याचे उत्तम उदाहरण ‘पत्री सरकार’ या नावातच आहे. चळवळीच्या लोकांनी स्वतःस प्रतिसरकार म्हणविले. लोकांच्या तोंडी मात्र पत्री सरकार हे नाव रुळले आणि त्यामागे गुन्हेगारांच्या तळपायाला पत्र्या ठोकल्या जात अशी कथा चिकटली. खबरे, गावगुंड आणि दरोडेखोर यांच्या तळपायांवर काठीचे फटके मारले जात, हे खरे होते, आणि ते काही लपविले गेले नाही. परंतु घोड्याच्या नालांसारख्या पत्र्या ठोकल्याची कथा कॅप्टन रामभाऊंनी अखेरच्या वर्षांतही स्पष्टपणे नाकारली. विरोधकांना ही कथा सोयीची होती. कारण तीत क्रौर्य होते. काही भक्तांनाही ती सोयीची वाटली. कारण तीत दरारा होता. या दोहोंच्या मधे उभे राहून ‘असे नव्हते, असे होते’ म्हणणारा माणूस आता उरलेला नाही. साक्षीदार गेला की दंतकथेला प्रतिवादी राहत नाही.

दुसरे उदाहरण हौसाताईंचे. भवानीनगरच्या पोलीस ठाण्यातील शस्त्रे मिळवावयाची होती. ठाण्याबाहेर एक नवरा बायकोला मारझोड करीत आहे असा बनाव रचण्यात आला. तिला सोडविण्यासाठी पोलीस बाहेर आले आणि इकडे सोबत्यांनी बंदुका हस्तगत केल्या. मार खाणारी ‘बायको’ म्हणजे हौसाताई. घरी लहान मूल ठेवून त्या या कामात उतरल्या होत्या. त्यांनी वयाच्या नव्वदीत हा प्रसंग सांगितला नसता, तर पोलिसांच्या नोंदीत बंदुका चोरीस गेल्या एवढेच राहिले असते. त्या प्रसंगातील बुद्धी, धाडस आणि एका तरुण स्त्रीने सोसलेले खरेखुरे तडाखे यांचा कोठेही मागमूस नसता. पत्रकार पी. साईनाथ यांनी हौसाताई, रामभाऊ आणि त्यांच्यासारख्या अन्य वृद्ध सैनिकांच्या मुलाखती घेऊन त्या २०२२ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केल्या. हे काम आणखी तीस वर्षे आधी, आणि गावागावांतून, व्हावयास हवे होते.

स्मरणातील आणखी एक उणीव सांगितलीच पाहिजे. या मंडळींचे चरित्र १९४२ ला सुरू होते आणि १९४६ ला संपते, अशी एक सोयीस्कर समजूत रूढ झाली आहे. वस्तुतः त्यांच्या आयुष्याची साठ-सत्तर वर्षे त्यानंतरची आहेत. स्वतः नाना पाटील शेतकरी कामगार पक्षातून पुढे कम्युनिस्ट पक्षात गेले. १९५७ साली साताऱ्यातून आणि १९६७ साली बीडमधून लोकसभेवर निवडून आले. नागनाथअण्णांनी वाळव्यात हुतात्मा किसन अहीर यांच्या नावे सहकारी साखर कारखाना उभारला आणि उतारवयात धरणग्रस्तांसाठी व दुष्काळी तालुक्यांच्या पाण्यासाठी आटपाडी भागात पाणी परिषदा घेतल्या. इंदुताई शिक्षिका झाल्या. १९५२ साली पती बाबूजी पाटणकर यांचा खून झाल्यानंतरही त्यांनी सार्वजनिक काम सोडले नाही आणि परित्यक्ता स्त्रियांच्या चळवळीत त्या अखेरपर्यंत उभ्या राहिल्या. या माणसांच्या लेखी स्वातंत्र्याची लढाई १५ ऑगस्टला संपली नव्हती. त्यांनी स्वदेशी सरकारलाही तोच प्रश्न विचारला, जो परकीय सरकारला विचारला होता: गावातील शेवटच्या माणसाला जमीन, पाणी आणि न्याय मिळतो की नाही? शासकीय शोकसंदेशात हा प्रश्न येत नाही. कारण त्याचे उत्तर संदेश पाठविणाऱ्यासच द्यावे लागेल. मृताच्या तारुण्यातील शौर्याचा गौरव करून त्याच्या वार्धक्यातील तक्रारीस बगल देणे, ही स्मरणाच्या नावाने केलेली विस्मृतीच होय.

मग आता काय करता येण्यासारखे आहे? सैनिक गेले, परंतु त्यांच्या मुली, सुना, धाकटी भावंडे, ज्यांनी लहानपणी घरात शिजलेल्या जादा भाकरी पाहिल्या, ती पिढी आज ऐंशी-नव्वदीत आहे. तिचे सांगणे दुय्यम साक्षीचे खरे, पण ते दहा वर्षांनंतर तेही मिळणार नाही. हे सांगणे टिपून घेताना ते कसाला लावण्याची साधने जवळच आहेत. शाळेच्या जनरल रजिस्टरात जन्मतारीख आहे, ग्रामपंचायतीच्या नोंदवहीत मृत्यू आहे, तलाठ्याच्या दप्तरात जमिनीचे फेरफार आहेत. शासनाच्या दर्शनिका विभागाने प्रसिद्ध केलेले स्वातंत्र्यसैनिकांचे विभागवार चरित्रकोश आहेत. मुंबईच्या पुराभिलेखागारात गृहखात्याची कागदपत्रे आहेत. एकाने सांगितलेली तारीख दुसऱ्या कागदाशी ताडून पाहणे, दोघांच्या सांगण्यात विरोध आला तर दोन्ही लिहून ठेवणे, आणि ऐकीव काय व पाहिलेले काय ते वेगळे नोंदविणे, यासाठी विद्यापीठाची पदवी लागत नाही. गावचा शिक्षक, पंचायतीचा कारकून आणि सुट्टीत घरी आलेला विद्यार्थी हे मिळून हे काम करू शकतात. या कामी त्यांच्याइतका अधिकारी पुरुष दुसरा मिळणेही कठीण. कारण म्हातारीने कोणत्या नात्याला काय नावाने हाक मारली, हे परगावच्या संशोधकाला उमगत नाही.

असे वृत्तांत जमले, तर त्यांतून केवळ वीरांची यादी तयार होणार नाही. कोणी कोणत्या भीतीने दार बंद केले, कोणाच्या निवाड्यात अन्याय झाला, कोणत्या वाड्यावस्तीला त्या स्वराज्यातही पाणवठा मिळाला नाही, हेही पुढे येईल. ते यावयासच हवे. चळवळीवर खरे प्रेम असेल, तर तिच्या उणिवाही तिच्याच माणसांच्या तोंडून नोंदविल्या गेल्या पाहिजेत. अन्यथा त्या उद्या तिच्या निंदकांच्या लेखणीतून, मीठमसाला लावून, येतील.

चौकाला नाव देणे सोपे असते आणि पुतळ्याला वर्षातून एक हारही पुरतो. प्रतिसरकारच्या माणसांनी आपल्या हयातीत सरकारी दप्तराबाहेर एक कारभार चालवून दाखविला होता. त्यांची आठवणही सरकारी दप्तराबाहेर, गावकऱ्यांच्याच हातांनी लिहिली जाणे, हेच त्यांच्या रीतीला धरून होईल.