मातीच्या पोटांतील विष

वसईच्या माणसास मातीचें मोल शिकविण्याची पाळी येऊं नये. ज्या वाडींत राजेळी केळी पिकवून तिचीं सुकेळीं वाळविलीं, जेथें पानवेल, माठ आणि फुलें यांच्या उत्पन्नावर मुलांच्या शाळेची फी भरली गेली, त्या वाडीचा मालक चिमटींत माती धरून तिचा कस सांगतो. परंतु ज्या दोषाविषयीं आज लिहावयाचें आहे तो चिमटींत कळत नाहीं, नाकाला बहुधा जाणवत नाहीं, आणि पीक हिरवेंगार दिसत असतांही जमिनींत असूं शकतो. अनुभवी शेतकऱ्याचें ज्ञान येथें अपुरें पडतें. प्रयोगशाळेचीच साक्ष काढावी लागते.

विद्यार्थिमित्रहो, प्रथम एक भेद ध्यानांत घ्या. शेण, पालापाचोळा, उष्टें अन्न हीं जमिनींत पडलीं कीं सूक्ष्म जंतु त्यांचा फडशा पाडतात व त्यांचें खत होतें. शिसें, पारा किंवा कॅडमियम यांचें तसें होत नाहीं. तीं मूलद्रव्यें आहेत. त्यांना फोडून निराळें कांहीं करणें कोणत्याही जंतूच्या शक्तीबाहेरचें आहे. शिसेमिश्रित पेट्रोल आपल्या देशांत १ फेब्रुवारी २००० पासून बंद झालें, तरी त्यापूर्वीं कित्येक वर्षें मोटारींच्या धुरांतून जें शिसें रस्त्याकडेच्या मातीवर बसलें तें धुरासारखें विरून जात नाहीं. तें वरच्या थरांतच टिकून राहतें, आणि खेळतांना हात तोंडांत घालणाऱ्या लहान मुलाच्या पोटांत धुळीबरोबर जातें. मुलांच्या मेंदूस शिसें किती प्रमाणापर्यंत चालेल, याची कोणतीही निर्धोक मर्यादा जागतिक आरोग्य संघटना मानीत नाहीं. कॅडमियमची वाट निराळी; तें मुळांवाटे पालेभाजींत चढतें.

दुसरा वर्ग मनुष्यानें स्वतः घडविलेल्या द्रव्यांचा. डी.डी.टी. कीटकांस मारतें हें पॉल म्यूलर यांनीं १९३९ सालीं शोधून काढलें आणि १९४८ सालीं त्यांस नोबेल पारितोषिक मिळालें. हिंवतापापासून त्यानें असंख्य जीव वांचविले, हें कृतज्ञतेनें मान्य केलेंच पाहिजे. परंतु तें जमिनींत वर्षानुवर्षें तग धरतें व प्राण्यांच्या चरबींत सांठत जातें. अशा चिवट द्रव्यांस आळा घालण्यासाठीं २००१ सालीं स्टॉकहोम येथें राष्ट्रांनीं करार केला. भारतानें त्यास २००६ सालीं मान्यता दिली.

याहूनही हट्टी म्हणजे कार्बन आणि फ्लोरिन यांच्या जोडणीचीं द्रव्यें. तव्याला अन्न चिकटूं नये, कापडावर पाणी ठरूं नये, तेलाची आग फेंसानें विझावी, अशा सोयींसाठीं तीं निर्माण झालीं. ही जोडणी इतकी घट्ट असते कीं निसर्गाला ती सहसा तोडतां येत नाहीं. इटलींत व्हिचेन्झा प्रांतांतील त्रिसिनो येथें मितेनी नांवाच्या कारखान्यानें अशीं द्रव्यें वर्षानुवर्षें तयार केलीं. तीं जमिनींतून भूजलांत उतरलीं व सुमारें साडेतीन लाख लोकांच्या प्रदेशांत पसरलीं. कारखान्याचें दिवाळें २०१८ सालीं वाजलें, आणि जून २०२५ मध्यें तेथील न्यायालयानें अकरा जणांस मिळून १४१ वर्षांची कैद सुनावली. ही हकीकत परदेशची म्हणून सोडून द्यावी, तर त्याच कारखान्याची यंत्रसामग्री एका भारतीय कंपनीनें विकत घेऊन आपल्याच कोंकणांत, रत्नागिरी जिल्ह्यांतील लोटे-परशुराम येथें आणली आहे.

शाळेच्या अंकांत आणखी एक उदाहरण सांगितलेंच पाहिजे. अमेरिकेंत नायगारा फॉल्स शहरीं हूकर कंपनीनें १९४२ पासून एका अर्धवट खणलेल्या कालव्यांत सुमारें २१,००० टन रासायनिक कचरा पुरला, त्यावर माती ओढली, आणि १९५३ सालीं ती जागा शाळा-मंडळास एक डॉलर किंमतीला देऊन टाकली. खाली रसायनें पुरलेलीं आहेत, असा उल्लेख खरेदीपत्रांत होता. तरी तेथें शाळा उभी राहिली, सभोंवती घरें झालीं. १९७८ सालीं सरकारला आणीबाणी जाहीर करून ती शाळा बंद करावी लागली व कुटुंबें हलवावीं लागलीं. कागद होता, तो वाचून थांबणारा कोणी नव्हता.

आतां आपल्या घराकडे वळूं. वालीव, सातिवली, गोखिवरे या बाजूस गाळ्यांमागून गाळे उभे राहिले. आपल्या शाळेंतील कित्येक मुलांचे वडील तेथेंच राबतात, व त्या भाकरीस नांवें ठेवण्याचा अधिकार मला नाहीं. जिल्ह्याच्या उत्तरेस तारापूरची औद्योगिक वसाहत आहे. तेथील सांडपाण्याविरुद्ध मांगेला समाज परिषदेनें २०१६ सालीं हरित न्यायाधिकरणाकडे दाद मागितली, तेव्हां शंभरांवर कारखान्यांस मोठी भरपाई भरण्याचा हुकूम झाला. मोठा कारखाना निदान नजरेंत भरतो. परंतु भाड्याच्या गाळ्यांत धातूंवर मुलामा देणारा, रंग मिसळणारा किंवा भंगारांतील केबल जाळून तांबें काढणारा आज येथें तर उद्यां तेथें असतो. तो गेल्यावर त्याच्या उंबऱ्याबाहेरची माती मात्र तेथेंच राहते, आणि पुढें त्या जागेवर चाळ उठते किंवा इमारत.

"पावसांत सारें धुवून जातें" असें पुष्कळांच्या तोंडून ऐकूं येतें. धुवून जातें तें कोठें जातें? ओहोळांतून मिठागरांत व खाडींत, आणि झिरपून विहिरींत. पश्चिमेकडे वाडीवाडींतून जीं बावखलें पूर्वजांनीं गोड्या पाण्यासाठीं खणलीं, त्यांतील कित्येक भरणी टाकून बुजविण्यांत आलीं. ती भरणी कोठून आली, हा प्रश्न कोणी विचारीत नाहीं. ट्रकचें भाडें मात्र काटेकोरपणें ठरवितात!

पालकांस माझी विनंति आहे कीं संशयावरून कोणास दोषी ठरवूं नये, तपासणी मागावी. ती मागण्यास आतां कायद्याचा आधार आहे. जुलै २०२५ मध्यें केंद्र सरकारनें दूषित जागांविषयीं नियम जाहीर केले. त्यांप्रमाणें स्थानिक संस्था व जिल्हा प्रशासन यांनीं संशयित जागांची यादी दर सहा महिन्यांनीं द्यावयाची. राज्य मंडळानें नव्वद दिवसांत प्राथमिक तपासणी करावयाची. आणि दोष सिद्ध झाल्यास सफाईचा खर्च दूषित करणाऱ्याकडून घ्यावयाचा. या नियमांत मला एक मोठें न्यून दिसतें, तें असें कीं सफाई पुरी करण्यास मुदतच घातलेली नाहीं. मुदत नसलेल्या गृहपाठाचें काय होतें हें आम्हां शिक्षकांस ठाऊक आहे. तरीही यादींत नांव चढल्यावांचून पुढचें कांहींच घडत नाहीं. फादर फ्रान्सिस दिब्रिटो व त्यांचे सहकारी यांच्या हरित वसईच्या चळवळींत येथील लोकांनीं पाण्यासाठीं आवाज उठविला होता. एका यादीसाठीं वसई-विरार महानगरपालिकेकडे अर्ज करणें त्यांस अवघड नाहीं. जुना गाळा पाडून तेथें घरें बांधण्याची परवानगी देण्यापूर्वीं मातीचा दाखला मागावा, अशी ठाम सूचना त्याच अर्जांत असावी.

तोंवर घरीं करण्यासारखें थोडें आहे. भंगारवाल्याकडील निळीं पिंपें स्वस्त मिळतात म्हणून त्यांत पिण्याचें पाणी भरूं नये. त्यांत पूर्वीं काय होतें तें धुतल्यानें कळत नाहीं. वाडींत भरणी घेतांना ट्रक कोठून भरला तें विचारावें व लिहून ठेवावें. मुलांनीं खेळून आल्यावर जेवणापूर्वीं हात धुवावे, आणि पालेभाजी तीन पाण्यांतून काढावी. मुळांवाटे आंत चढलेलें याने जात नाहीं, पण पानावरची धूळ जाते.