रेडमधली डिस्क गेली? आधी ‘रीबिल्ड’ दाबू नका

२६ सप्टेंबर २०२५ ला दक्षिण कोरियात डेजॉनच्या सरकारी डेटा सेंटरला आग लागली. सरकारी कर्मचाऱ्यांच्या फायलींचा ‘जी-ड्राइव्ह’ त्यात जळाला. ८५८ टेराबाइट डेटा, आणि बाहेर कुठेही बॅकअप नाही. कारण काय, तर डेटा फारच मोठा होता!

हसू नका. डोंबिवलीतला माझा एक मित्र लग्नाचे फोटो काढतो. त्याच्याकडे ४ टीबीच्या चार डिस्कचा रेड-५ बॉक्स. “रेड आहे ना, मग बॅकअप कशाला?” हे त्याचं ठरलेलं वाक्य. एकदा लाइट जाऊन आली आणि एका डिस्कचा दिवा लाल झाला. यूपीएस नव्हताच. (१२ ऑक्टोबर २०२० ला कळवा-पडघा वीजवाहिन्या बंद पडून मुंबई-ठाण्याची लाइट गेली होती, तेव्हाही तो शिकला नाही.) त्याने नवी डिस्क टाकून रीबिल्ड दाबलं. अर्ध्यावर दुसरी डिस्क गेली.

रेड-५ चा हिशोब सोपा करून सांगतो. तीन डिस्कवर ५, ७, ४ आणि चौथीवर बेरीज १६. सात हरवला तर वजाबाकीने मिळतो. दोन आकडे हरवले की संपलं. आणि रीबिल्ड करताना उरलेल्या तिन्ही डिस्क, म्हणजे १२ टीबी, पूर्ण वाचाव्या लागतात. घरगुती डिस्कच्या स्पेक-शीटवर १२.५ टीबी वाचनामागे एखादी चूक होऊ शकते असं छापलेलं असतं. प्रत्यक्षात इतक्या चुका होत नाहीत, पण एकाच दिवशी घेतलेल्या डिस्क म्हाताऱ्याही एकदमच होतात.

बॉक्स विचारत होता, ‘इनिशियलाइज करू?’ नशीब, त्याने आधी मला फोन केला.

आम्ही बॉक्स बंद केला, डिस्कवर नंबर टाकले. दुसरी गेलेली डिस्क बहुतेकदा मेलेली नसते, तिचे थोडेच सेक्टर वाचता येत नाहीत. म्हणून ती आणि बाकीच्या दोन धडधाकट डिस्क लिनक्सवर डीडीरेस्क्यूने कॉपी केल्या. हे टूल चांगला भाग आधी उचलतं, खराब भागाकडे नंतर वळतं. (डिस्क टकटक वाजत असेल तर हे करू नका, सरळ लॅबमध्ये द्या.) पहिली गेलेली डिस्क बाजूलाच ठेवली, तिच्यातला डेटा जुना झालेला असतो. मग फक्त कॉपींवर डिस्कचा क्रम जुळवून अ‍ॅरे रीड-ओन्ली उघडला.

जवळजवळ सगळं परत आलं. एका हळदीचे काही फोटो मात्र अर्धे राखाडी आले, आणि ते त्या घरच्यांना सांगायला त्यालाच जावं लागलं.

आता तो दर महिन्याला एक डिस्क कल्याणला बहिणीकडे ठेवून येतो.