प्रवचन राहू द्या, भिंत पाडा

वस्तीत लाऊडस्पीकर लावून 'येशू तुमच्यावर प्रेम करतो' सांगणाऱ्या प्रचारकांनो, तो करत असेल. तुमचं काय?

हे मी नागपुरातून विचारतोय. इथं १८४५ साली स्टीफन हिस्लॉप आला. त्यानं शाळा काढली, गोंडी शिकून गोंडांची गाणी उतरवून घेतली, १८६३ मध्ये पुरात बुडून मेला. मागून सीताबर्डीवर मिशनचा दवाखाना झाला, म्यूर मेमोरियल. नाडी बघायची तर हात धरावा लागतो गड्या! आणि त्या काळी आमचा हात धरला की लोकांचा धर्म बुडायचा. त्या धरलेल्या हाताला मी मानतो. बाकी बडबड.

कारण तिकडे तिरुचिरापल्लीला, मेलापुदूरच्या ख्रिस्ती दफनभूमीत, दलित मढी आणि सवर्ण मढी यांच्यामध्ये भिंत घातली. मेल्यावरही विटाळ! वर व्यासपीठावरून सांगणार, ख्रिस्तात जात नाही. हे वाक्य सरकारला बरं सापडलं. १९५० च्या आदेशात अनुसूचित जाती म्हणजे फक्त हिंदू. १९५६ ला शीख आत आले, १९९० ला आपण बौद्ध. दलित ख्रिस्ती अजून बाहेर. का? तर त्यांच्या धर्मात जातच नाही म्हणे. बोलले बिशप, भोगतोय झाडूवाला.

आणि दोस्तांनो, 'त्यांनी धम्म घ्यायचा होता, भोगू दे' म्हणणारे आपल्यातही कमी नाहीत. १९५६ नंतर चौतीस वर्षं आपणही केंद्राच्या त्याच दाराबाहेर उभे होतो. मग त्यांचा मोर्चा निघतो तेव्हा आपले निळे झेंडे कुठं असतात?