वादळातील दूरचित्रवाणी : तबकडी की तार?

वळवाची एखादी जोरदार सर कोसळू लागली, की अनेक घरांतील दूरचित्रवाणीचा पडदा एकाएकी काळवंडतो आणि त्यावर सिग्नल नसल्याची सूचना झळकते. ज्याच्या छपरावर उपग्रहाची तबकडी आहे, त्याला अशा वेळी केबल घेतलेल्या शेजाऱ्याचा हेवा वाटतो. पुढे एखादे वादळ येऊन जाते, रस्त्याकडेचे खांब आडवे होतात आणि तोच शेजारी आठ-आठ दिवस केबलवाल्याची वाट पाहत बसतो. हेवा करण्याची पाळी मग त्याची असते. या दोहोंपैकी अधिक भरवशाचे कोणते, हा वाद त्यामुळे कधीच मिटत नाही. तो केवळ करमणुकीपुरता असता, तर त्याची येथे दखल घेण्याचे कारण नव्हते. परंतु पाऊस आणि वारा यांनी पडदा काळा होतो, ती घटका बहुधा हवामान खात्याचा इशारा ऐकण्याची असते. म्हणूनच हा प्रश्न सार्वजनिक महत्त्वाचा आहे.

प्रथम तबकडीचा विचार करू. प्रक्षेपणाचे उपग्रह विषुववृत्ताच्या वर सुमारे ३६ हजार किलोमीटर अंतरावर असतात. हा जवळजवळ सारा प्रवास लहरी निर्वेधपणे करतात. त्यांचा घात होतो तो भूपृष्ठालगतच्या पाच-सहा किलोमीटरांत, जेथे पाऊस असतो. घरगुती तबकडी ज्या ‘केयू’ पट्ट्यातील लहरी पकडते, त्यांची लांबी सुमारे अडीच सेंटीमीटर असते. पावसाचे मोठे थेंब काही मिलिमीटर व्यासाचे असतात. लहर आणि थेंब यांच्या आकारांतील अंतर असे कमी असल्यामुळे थेंब त्या लहरी शोषतात आणि इतस्ततः विखुरतात. येथे दिवसभरात पाऊस किती पडला यापेक्षा तो त्या क्षणी किती वेगाने पडत आहे, याला महत्त्व असते. श्रावणातील रिपरिप दिवसभर चालली तरी चित्र शाबूत राहते. वळवाची वा परतीच्या पावसाची धुवाधार सर मात्र पाच मिनिटांत ते पुसून टाकते.

यात अंकीय तंत्राने आणखी एक भर घातली आहे. पूर्वी लहर क्षीण झाली की पडद्यावर ‘मुंग्या’ येत, पण बातमी देणाऱ्याचा आवाज बराच काळ ऐकू येई. आता लहर एका मर्यादेखाली गेली की चित्राचे चौकोनी तुकडे होतात आणि पाठोपाठ चित्र व आवाज दोन्ही नाहीसे होतात. अधूपणा हा प्रकार राहिलेला नाही. तथापि तबकडीच्या बाजूने एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. तिचा हा आजार अल्पकाळचा असतो. सर ओसरली की, कोणाचाही हात न लागता, चित्र परत येते. वाऱ्याने तबकडीच जागची हलली तर गोष्ट वेगळी. दोन-तीन अंशांनी जरी तोंड फिरले, तरी उपग्रह तिच्या दृष्टीआड होतो आणि कोणी तरी छपरावर चढल्यावाचून गत्यंतर उरत नाही.

आता केबल. उपग्रह आणि केबल ही परस्परविरोधी साधने आहेत असे आपण समजतो, ते पूर्णांशाने खरे नाही. केबलच्या मुख्य केंद्रातही बहुतेक वाहिन्या उपग्रहावरूनच येतात. फरक इतकाच, की तेथील मोठ्या छत्र्या बहुधा ‘सी’ पट्ट्यातील लहरी घेतात. त्यांची लांबी सात-आठ सेंटीमीटर असते आणि पावसाचा त्यांना फारसा उपद्रव होत नाही. त्यामुळे नित्याच्या पावसाळ्यात केबल अधिक स्थिर वाटते, आणि ती तशी असतेही.

परंतु मुख्य केंद्रापासून घरापर्यंतची वाट हे तिचे मर्मस्थान होय. ही तार बहुतेक गावांत विजेच्या खांबांवरून, झाडांवरून आणि गच्च्यांवरून लोंबत गेलेली असते. वाटेत ठिकठिकाणी क्षीण झालेला संकेत पुन्हा बळकट करणारी उपकरणे असतात आणि ती त्या-त्या गल्लीतल्या विजेवर चालतात. एका गल्लीची वीज गेली, की तिच्या पुढच्या गल्ल्यांतील चित्रही जाऊ शकते. ज्याच्या घरी इन्व्हर्टर आहे, त्यालाही मग त्याचा उपयोग होत नाही. तबकडीवाल्याला मात्र तो होतो. वीज कडाडली असता लांबलचक तारेतून येणारा विद्युत्‌झोत उपकरणे जाळतो, तो निराळाच. सारांश, तबकडी पावसाला भिते आणि केबल वाऱ्याला. पावसाने होणारी हानी मिनिटांची असते, वाऱ्याने होणारी दिवसांची.

कोकणाला हा फरक ३ जून २०२० रोजी कळून चुकला. त्या दिवशी दुपारी ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आदळले. वाऱ्याचा वेग ताशी शंभर किलोमीटरांहून अधिक होता. मुरूड, श्रीवर्धन, दिवेआगरपासून मंडणगड-दापोलीपर्यंत नारळी-पोफळीच्या बागा झोपल्या, घरांवरचे पत्रे उडाले आणि विजेचे खांब मोठ्या संख्येने कोसळले. कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. तेथे केबल आणि तबकडी यांच्यातील वादाला अर्थच उरला नाही. दोन्ही एकाच वेळी मुकी झाली होती.

वस्तुतः हाच या साऱ्या चर्चेचा गाभा आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हाही मुंबईच्या उपनगरांतील अनेक भागांत वीज बंद होती. पाण्यात बुडालेल्या वस्तीत प्रवाह चालू ठेवणे धोक्याचे असल्यामुळे तो बंद करावाच लागतो. म्हणजे संकट जितके मोठे, तितकी दूरचित्रवाणी बंद पडण्याची शक्यता अधिक. उपग्रह आकाशात सुरक्षित असून काय उपयोग, खालचा संचच अंधारात असेल तर?

आणि नेमक्या याच बाबतीत आपण काही गमावले आहे. मुंबईचे दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. १९८३ मध्ये ‘इन्सॅट-१ बी’ अवकाशात गेल्यानंतर देशभर लघुशक्ती प्रक्षेपक उभे राहिले. त्यांच्या मनोऱ्यांवरून येणाऱ्या लहरी इतक्या लांब असत, की पावसाचा त्यांच्यावर परिणाम होत नसे. मोटारीच्या बॅटरीवर चालणारे लहान कृष्णधवल संच खेडोपाडी अनेकांनी वापरले आहेत. १९७७ च्या नोव्हेंबरात आंध्रच्या किनाऱ्यावर दिवी परिसरात वादळाने सुमारे दहा हजार बळी घेतले होते. पुढे १९८० च्या दशकात, पाऊस सहज भेदणाऱ्या लहरींवर इन्सॅटद्वारे भोंगा वाजवून इशारा देणारी यंत्रणा किनारपट्टीवर बसविण्यात आली. संकटाच्या वेळी कोणती लहर टिकेल, हा विचार त्या योजनेत अगोदर केलेला होता. दूरदर्शनचे जुने भूप्रक्षेपक, थोडे अपवाद वगळता, २०२२ पर्यंत बंद झाले. आकाशवाणीचेही मध्यमलहरी प्रक्षेपक टप्प्याटप्प्याने बंद होत आले आहेत. प्रेक्षक-श्रोते घटले आणि खर्च परवडेना, हे कारण खोटे नाही. पण आगीचा बंब वर्षभर उभा राहिला म्हणून तो मोडीत काढावा, असे कोणी म्हणत नाही.

आता प्रत्येकाच्या हाती मोबाइल आहे, असे यावर उत्तर दिले जाते. सरकारने २०२३ मध्ये मोबाइलवर थेट इशारा पाठविण्याच्या चाचण्याही घेतल्या, आणि हे पाऊल स्वागतार्हच आहे. तथापि मोबाइलचा मनोराही विजेवरच चालतो. त्याच्या बॅटऱ्या काही तासांच्या असतात, आणि जनित्राला डिझेल पोहोचवायचे तर रस्ता मोकळा असावा लागतो. वादळापूर्वीचा इशारा मोबाइल देईल. वादळानंतर पूल कोणता खचला, पाणी कोठे मिळेल, हे कोण सांगणार?

तेव्हा तबकडी की तार, याचा निर्णय ज्याने-त्याने आपल्या गावचा पाऊस आणि वारा पाहून करावा. मात्र शासनाने हा विषय ग्राहकाच्या पसंतीवर सोडून मोकळे होऊ नये. केबलच्या मार्गातील उपकरणांना पुरेशा बॅटऱ्यांची जोड देणे व्यावसायिकांवर बंधनकारक करता येईल. राष्ट्रीय चक्रीवादळ धोका निवारण प्रकल्पात किनारी भागांतील वीजवाहिन्या भूमिगत करण्याची तरतूद होती. ते काम जेथे होईल तेथे संदेशवहनाच्या ताराही त्याच चरातून न्याव्यात. किनाऱ्यावरच्या प्रत्येक ग्रामपंचायतीत आणि शाळेत बॅटरीवर चालणारा रेडिओ असावा, आणि त्याला ऐकण्याजोगे केंद्र आकाशवाणीने जिवंत ठेवावे.

यातील एकही गोष्ट अवघड वा अतोनात खर्चाची नाही. वादळ गेल्यावर पंचनामे होतात, मदत वाटली जाते आणि पुढच्या मोसमापर्यंत सारे विसरले जाते, ही आपली जुनी रीत आहे. अरबी समुद्र मात्र ती रीत मानत नाही. ‘निसर्ग’नंतर वर्ष उलटण्याच्या आत, मे २०२१ मध्ये, ‘तौक्ते’ कोकणच्या किनाऱ्याला घासून गेले. पुढचे वादळ येईल तेव्हा पडदा काळा होईलच. त्या अंधारात एखादा आवाज तरी गावापर्यंत पोहोचावा, एवढी व्यवस्था आकाश निरभ्र असतानाच करावी लागते.