सही पंचायतीची, पाहणी कोणाची?

वाळवंटीच्या एका तीरावर साखळी, दुसऱ्या तीरावर कारापूर. साखळीला नगरपालिका आहे. कारापूरचा कारभार मात्र कारापूर-सर्वण ग्रामपंचायत पाहते. जनगणनेच्या दफ्तरी कारापूरची नोंद शहर म्हणून झालेली आहे. किमान पाच हजारांची दाट वस्ती आणि कामकरी पुरुषांपैकी किमान ७५ टक्के शेतीबाहेरच्या व्यवसायात, अशा कसोट्यांना उतरलेल्या वस्तीला जनगणना शहर म्हणते. कायदा मात्र तिला गावच मानतो. परिणामी बांधकामे शहरी थाटाची आणि त्यांवरील देखरेख गावच्या बेताची, अशी विसंगत स्थिती निर्माण झाली आहे.

नियमांची वाण आपल्याकडे मुळीच नाही. राष्ट्रीय इमारत संहिता १९७० साली प्रथम तयार झाली आणि २०१६ साली तिची सुधारित आवृत्ती निघाली. ती केवळ मार्गदर्शक असल्याने राज्याने आपल्या नियमांत अंगीकारल्यावाचून तिला बळ येत नाही. गोव्याने यासंबंधी २००८ साली कायदा केला आणि २०१० साली सविस्तर नियम लागू केले. इमारतीची उंची किती, भोवताली मोकळी जागा किती, हे सारे त्यांत नमूद आहे.

परवान्याची वाटही लहान नाही. शेतजमीन असेल तर रूपांतराची सनद हवी, नगर नियोजन खात्याची तांत्रिक मान्यता हवी, आरोग्य खात्याचा दाखला हवा. अखेरीस १९९४ च्या पंचायत राज कायद्याच्या ६६ व्या कलमान्वये पंचायतीचा परवाना लागतो. पंचायतीने तीस दिवसांत निर्णय दिला नाही, तर अर्जदारास वरिष्ठांकडे दाद मागता येते. मात्र परवाना मिळाल्यावर पाया कोठे खणला गेला, नकाशात नसलेला मजला कसा चढला, हे जागेवर जाऊन मोजणार कोण? पंचायतीपाशी सचिव आहे, कारकून आहे. स्वतःचा अभियंता नाही. तांत्रिक माणूस गटविकास कार्यालयात, नियोजनाचा अधिकारी नगर नियोजन खात्यात आणि अपिलाचा निकाल देणारा आणखी तिसरीकडे. अधिकार इतक्या ठिकाणी वाटले गेले की जबाबदारी कोणाच्याच वाट्याला येत नाही.

याची किंमत गोव्याने मोजली आहे. ६ डिसेंबर २०२५ च्या रात्री हडफडे येथील नाइट क्लबला आग लागून २५ जीव गेले. ते बांधकाम पाडण्याचा पंचायतीचा आदेश होता आणि पंचायत संचालनालयातून त्याला स्थगिती मिळाली होती, हे मागाहून उघड झाले. त्याच वर्षी मार्चमध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने बेकायदा बांधकामांची स्वतःहून दखल घेऊन कारवाईचे आदेश दिलेले होते. नगरपालिका आली म्हणजे दोष सरतो, असेही कोणी समजू नये. ४ जानेवारी २०१४ रोजी काणकोणात कोसळलेली, बांधकाम चालू असलेली इमारत पालिका हद्दीतच होती.

पंचांची अडचण आम्ही जाणतो. ज्याला नोटीस द्यावयाची तो शेजारी असतो, मतदार असतो, कधी सोयराही असतो. म्हणून नोटीस बजावली जाते ती बहुधा पडवीला कूड घालणाऱ्या गरिबाला. मोठ्या बांधकामाचा धनी वकील घेऊन स्थगिती आणतो. एकाच नियमाचे असे दोन चेहरे दिसू लागले की लोकांचा नियमावरील विश्वास उडतो. पण यावर उपाय म्हणून पंचायतीचे अधिकारच काढून पणजीस न्यावेत, हे आम्हांस मान्य नाही. हडफड्याच्या आदेशाला स्थगिती मिळाली ती वरूनच, हे विसरून कसे चालेल?

डिचोली तालुक्यातील चार-पाच पंचायतींमागे एक अभियंता द्यावा आणि जोत्याची पाहणी झाल्यावाचून पुढील काम करू देऊ नये. प्रत्येक परवाना व त्याचा नकाशा पंचायतीच्या फलकावर लावावा, म्हणजे ग्रामसभेतील सामान्य माणसालाही प्रश्न विचारता येईल. पाडण्याच्या आदेशास स्थगिती देणाऱ्या अधिकाऱ्याने कारण लेखी द्यावे आणि ठरावीक मुदतीत अंतिम निकालही द्यावा. मुदत टळली की स्थगिती आपोआप उठावी. अर्जदाराला तीस दिवसांची हमी मिळते; तशी गावालाही मिळावी, एवढेच आमचे म्हणणे आहे.

गोवा मुक्त झाला १९६१ च्या डिसेंबरात आणि १९६२ साली गावोगाव पंचायतींच्या निवडणुका झाल्या. स्वराज्य गावापर्यंत पोचावे, हा त्यामागील हेतू होता. ज्या पंचायतीला परवान्यावर सही करण्याचा अधिकार दिला, तिच्या हाती मोजपट्टी आणि मोजणारा माणूस न देणे म्हणजे ते स्वराज्य अर्ध्या वाटेवर सोडणे होय. सरकारने ती वाट पुरी करावी. आणि मोजपट्टी हाती आल्यावर ती सर्वांना सारखी लावण्याचे धैर्य कारापूरच्या व अन्य गावांच्या पंचांनी दाखवावे.