ई-सिगारेटचा वाफारा आणि घरची मुकी जनावरे

शेतकरी कुटुंबात कुत्रे, मांजर, चार कोंबड्या आणि दारातील वासरू ह्यांची गणना घरच्या माणसांतच होते. घरात जे काही चालते त्याचा थोडाबहुत वाटा त्यांच्याकडेही जातो. अलीकडे ह्या वाट्यात एका नव्या वस्तूची भर पडली आहे. ती म्हणजे ई-सिगारेट. तरुणांच्या बोलण्यात ‘व्हेप’. शहरात नोकरीस असलेला मुलगा सुटीत घरी येतो, आखातातून एखादा पाहुणा येतो, आणि त्याच्या खिशात लेखणीएवढी ही नळी असते. वडीलधाऱ्यांनी हटकले तर उत्तर ठरलेले असते, “ह्यात तंबाखू जळत नाही, ही नुसती वाफ आहे.” माणसांपुरता हा वाद डॉक्टरांनी पुष्कळ घातला आहे. परंतु त्याच ओसरीवर, त्याच खाटेखाली निजलेल्या कुत्र्याचे काय, हा प्रश्न खेड्यात फारसा विचारला जात नाही. तो विचारला पाहिजे, असे आमचे मत आहे.

आरंभीच एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. आपल्या देशात सन २०१९ च्या अधिनियमाने ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, वाहतूक, विक्री, साठवण व जाहिरात ह्यांस मनाई केलेली आहे. विक्रीसारख्या अपराधास पहिल्या खेपेस एक वर्षापर्यंत कैद अथवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. तरीही ही वस्तू चोरवाटेने येतेच. आणि चोरवाटेने येत असल्यामुळे तिच्या कुपीत नेमके काय व किती आहे ह्याची हमी कोणीच देत नाही.

‘वाफारा’ हा शब्द आपल्याकडे सर्दीपडशाच्या उपचाराचा आहे. तो ह्या वस्तूस लावला की निम्मा संशय तेथेच मावळतो. वास्तविक तिच्यातून जे निघते ती पाण्याची वाफ नव्हे. नळीतील विजेच्या तारेने एक द्रव तापतो आणि त्याचे अतिसूक्ष्म थेंब हवेत तरंगू लागतात. ज्याने पाठीवर पंप घेऊन कपाशीवर फवारणी केली आहे त्यास हे निराळे समजावून सांगावयास नको. तो फवाराच होय, मात्र थेंब कितीतरी पटींनी बारीक. ह्या द्रवात प्रॉपिलीन ग्लायकॉल व ग्लिसरीन ही दोन द्रव्ये, फळांचे अथवा मिठाईचे वास आणि बहुधा निकोटीन असते. तार फार तापली म्हणजे फॉर्माल्डिहाइड व अ‍ॅक्रोलीन ही दाहक द्रव्येही निर्माण होतात, आणि तारेच्या धातूचे, म्हणजे निकेल, क्रोमियम इत्यादींचे, अंशही थेंबांबरोबर येतात.

निकोटीन हे नाव नवे वाटले तरी द्रव्य शेतकऱ्याच्या जुन्या परिचयाचे आहे. माव्यावर तंबाखूचा काढा फवारण्याची रीत आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या होती. त्या काढ्यात साबण घालीत असत. साबणामुळे द्रावण पानास चिकटते, हे एक कारण. आणि साबणातील अल्कलीमुळे निकोटीन मोकळे होऊन किडीस अधिक लागते, हे दुसरे. आज रसशोषक किडींवर वापरले जाणारे इमिडाक्लोप्रिड ज्या वर्गात मोडते त्या वर्गाचे ‘निओनिकोटिनॉइड’ हे नावही निकोटीनवरूनच पडले, कारण दोहोंचा मारा मज्जातंतूंवरील एकाच ठिकाणी होतो. तंबाखूची ओली पाने खुडणाऱ्या मजुरांस घेरी येते, मळमळते, उलट्या होतात, हेही तंबाखूच्या पट्ट्यात ठाऊक आहे. तेथे निकोटीन केवळ कातडीतून शरीरात जाते. असे हे द्रव्य नळीत घालून तापविले म्हणजे निरुपद्रवी होते, असे मानण्यास कोणताही आधार नाही.

आता प्रश्न प्रमाणाचा. नळी ओढणाऱ्याच्या शेजारी जो नुसता बसला आहे त्याच्या वाट्यास कितीसे निकोटीन येते? स्पेनमधील बार्सिलोना येथील संशोधकांनी ह्याचे मोजमाप करून ते २०१४ साली प्रसिद्ध केले. सिगारेट ओढणाऱ्यांच्या घरांत दर घनमीटर हवेत सरासरी ०.७४ मायक्रोग्रॅम निकोटीन आढळले. ई-सिगारेटवाल्यांच्या घरांत ०.१३, आणि जेथे दोन्ही नव्हते तेथे ०.०२. म्हणजे ई-सिगारेटच्या घरातील हवा सिगारेटच्या घराहून पुष्कळ बरी, परंतु स्वच्छ घराच्या मानाने तीत सहापटींहून अधिक निकोटीन. त्या घरांतील न ओढणाऱ्या माणसांच्या लाळेतही त्याची खूण सापडली. माणसांच्या लाळेत जे उतरले ते त्याच हवेत श्वास घेणाऱ्या मांजराच्या शरीरात उतरणार नाही, असे कोण म्हणेल?

किंबहुना जनावराच्या वाट्यास अधिक येण्याचाच संभव आहे. लहान प्राणी आपल्या वजनाच्या मानाने माणसापेक्षा अधिक हवा घेतो. शिवाय ओढणारा मनुष्य दिवसातून काही तास शेतावर, बाजारात जातो. मांजर घरातच असते. हवेतील निकोटीन कालांतराने जमिनीवर, अंथरुणावर, काचेवर बसते. ई-सिगारेटच्या वाफाऱ्याविषयी २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात जमिनीवर व खिडकीच्या काचेवर ते विशेष साठलेले दिसले. कुत्रे लोळते ते जमिनीवरच. मांजर तर दिवसभर आपले अंग चाटते. केसांवर जे बसले ते पोटात गेले. पिंजऱ्यातील पक्ष्यांची आणि कोंबड्यांची गोष्ट ह्याहून नाजूक. त्यांच्या शरीरात फुप्फुसांना जोडून हवेच्या पिशव्या असतात आणि श्वासाची हवा त्या वाटेने फार कसोशीने वापरली जाते. विलायतेतील कोळशाच्या खाणींत विषारी वायूची आगाऊ सूचना मिळावी म्हणून कॅनरी पक्षी नेत असत, तो ह्याच कारणाने. ही प्रथा तेथे १९८६ पर्यंत होती.

मांजराच्या बाबतीत आणखी एक मुद्दा आहे. प्रॉपिलीन ग्लायकॉल हे द्रव्य माणसांच्या कित्येक औषधांत व खाद्यपदार्थांत चालते, कुत्र्यासही बहुधा सोसते. मांजराच्या लाल रक्तपेशींस मात्र त्याने इजा होते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९६ साली मांजराच्या खाद्यात ते घालण्यास मनाई केली, ती ह्यामुळे. अर्थात तेथे प्रश्न रोज पोटात जाणाऱ्या मोठ्या प्रमाणाचा होता, हवेतून जाणाऱ्या अल्प अंशाचा नव्हे. दोहोंची गल्लत करणे योग्य होणार नाही. उलट बाजूचा पुरावाही सांगितला पाहिजे. शिकागो विद्यापीठात रॉबर्टसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी माकडे व उंदीर ह्यांस वर्ष-दीड वर्ष ह्याच द्रव्याच्या वाफेत ठेवले होते, आणि १९४७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालाप्रमाणे त्या प्राण्यांस उल्लेखनीय अपाय झाला नाही. ई-सिगारेटचे कैवारी ह्या प्रयोगाकडे बोट दाखवितात. पण त्या प्रयोगात निकोटीन नव्हते, वासाची द्रव्ये नव्हती, तापलेली तार नव्हती. आणि मांजरही नव्हते.

पोटास चालते ते फुप्फुसास चालेलच असे नाही, हे अमेरिकेत २०१९ साली फार महागात कळले. व्हेपच्या काही द्रवांत, विशेषतः गांजाचा अर्क असलेल्या चोरट्या मालात, व्हिटॅमिन ई अ‍ॅसिटेट मिसळले होते. हे द्रव्य खाण्यास निरुपद्रवी मानले जाते. फेब्रुवारी २०२० पर्यंत फुप्फुसांच्या त्या विकाराने २,८०७ माणसे रुग्णालयात दाखल झाल्याची अथवा मृत झाल्याची नोंद झाली, आणि त्यांपैकी ६८ दगावली.

म्हणून आमचे मत असे की, एका झुरक्याने मांजर मरेल अशी भीती घालणे हा अतिरेक आहे. परंतु ‘काहीच होत नाही’ हे म्हणणे त्याहून अधिक निराधार आहे. ही वस्तू चीनमधून बाजारात येऊन जेमतेम वीस वर्षे झाली. सिगारेटचे दुष्परिणाम ओळखण्यास त्याहून कितीतरी अधिक काळ लागला, आणि घरच्या जनावरांवरील परिणाम तर अगदी अलीकडे पाहिले गेले. अमेरिकेतील मांजरांच्या एका अभ्यासात, जो २००२ साली प्रसिद्ध झाला, सिगारेटच्या धुरात राहणाऱ्या मांजरांस लसिकाग्रंथींचा कर्करोग होण्याचा संभव इतर मांजरांच्या सुमारे अडीचपट दिसला; आणि लांब नाकाच्या कुत्र्यांत नाकाचा कर्करोग व घरातील धूर ह्यांचा संबंध १९९८ च्या एका अभ्यासाने दाखविला. ह्या दोन्ही गोष्टी जळत्या तंबाखूच्या आहेत. तेव्हा मुलाच्या व्हेपवर बोलण्यापूर्वी आजोबांनी गोठ्यात धार काढताना तोंडात असलेली विडी विझविलेली बरी. मनुष्यास धूर नकोसा झाला तर तो उठून अंगणात जातो. बांधलेले वासरू आणि पिंजऱ्यातील पक्षी ह्यांस ती सोय नाही.

वाफाऱ्याचा अपाय संथ; बाटलीतील द्रवाचा तात्काळ. पशुपालकाने आधी भ्यावे ते ह्या बाटलीस. युरोपीय संघात ह्या द्रवात दर मिलिलिटरमागे २० मिलिग्रॅमहून अधिक निकोटीन घालण्यास बंदी आहे. इतरत्र ५० मिलिग्रॅमचाही माल मिळतो. कुत्र्याच्या वजनाच्या दर किलोस सुमारे एक मिलिग्रॅम निकोटीन पोटात गेले की विषबाधेची लक्षणे दिसू लागतात, आणि नऊ-दहा मिलिग्रॅम प्राणघातक ठरू शकते. दहा किलोच्या गावठी कुत्र्यास २० मिलिग्रॅमच्या द्रवाचा अर्धा मिलिलिटर लक्षणांस पुरतो. पाच मिलिलिटर, म्हणजे चहाचा एक लहान चमचा, त्याचा जीव घेऊ शकतो. पिल्लास तर काही थेंबच पुरे. द्रवास आंब्याचा, व्हॅनिलाचा गोड वास असतो, त्यामुळे कुत्रे ते आपण होऊन चघळते.

लक्षणे पाव तासापासून तासाभरात दिसतात. लाळ गळते, उलटी होते, जनावर अस्वस्थ होऊन थरथरते, नाडी जलद होते. पुढे झटके येतात आणि श्वासाचे स्नायू लुळे पडतात. उलटीने पुष्कळसे विष बाहेर पडते म्हणून कित्येक कुत्री वाचतात, परंतु त्या भरवशावर वेळ दवडू नये. एक चूक तर मुळीच करू नये. पोट फुगलेल्या गुराला आपण खाण्याचा सोडा पाजतो, तसा सोडा अथवा आम्लपित्ताचे औषध ह्या कुत्र्यास देऊ नये. पोटातील आम्लामुळे निकोटीन रक्तात सावकाश शिरते. सोड्याने ते आम्ल मरते आणि विष झपाट्याने चढते. तंबाखूच्या काढ्यात साबण जे काम करी तेच काम येथे सोडा करील. मीठ पाजून उलटी काढण्याचा प्रयत्नही घरी करू नये. अंगावर द्रव सांडला असल्यास हातमोजे घालून भरपूर पाण्याने धुवावे आणि जनावरास तत्काळ पशुवैद्यकीय दवाखान्यात न्यावे. जेथे फिरते पशुवैद्यकीय पथक आहे तेथे १९६२ ह्या क्रमांकावर दूरध्वनी करावा. बाटली किंवा कुपी बरोबर न्यावी, म्हणजे निकोटीनचे प्रमाण पशुवैद्यास वाचता येईल.

पाहुण्यास नळी ओढावयाचीच असेल तर त्याने घराबाहेर, गोठा व खुराडे ह्यांपासून दूर जावे, आणि परतल्यावर हात धुतल्यावाचून वासरास अथवा मांजरास कुरवाळू नये. हे सांगण्यास संकोच वाटण्याचे कारण नाही. कीटकनाशकाची फवारणी करून आलेल्या गड्यासही आपण हेच सांगतो. वापरून संपलेली नळी मात्र उकिरड्यावर टाकण्याची खोड वाढू लागेल, ती आताच मोडली पाहिजे. तिच्यात थोडा द्रव उरलेला असतो आणि आत लिथियमचा सेल असतो. कुत्र्याने तो चावला तर तोंड भाजते. कोंबड्या उकिरडा उकरतात आणि चोच मारतात. अशी नळी झाकणाच्या डब्यात उंचावर ठेवावी आणि तालुक्यास जाणे होईल तेव्हा जुने मोबाईल व बॅटऱ्या गोळा करणाऱ्या केंद्रात द्यावी.