अधिसूचनेचे वाचन कोण करणार?

पुस्तकावर बंदी आली की आम्ही साहित्याची माणसे दोन कामे करतो : निषेधाच्या पत्रकावर सही आणि न्यायालयाची प्रतीक्षा. पुढे कधीतरी निकाल अनुकूल लागला की त्यास साहित्याचा विजय म्हणतो. हा आनंद आम्हांस फसवा वाटतो.

बंदीची रीत आधी पाहावी. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतील कलम ९५ हे तिचे साधन होते; १ जुलै २०२४ पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९८ मध्ये ते जवळजवळ तसेच उतरले आहे. एखाद्या पुस्तकात दंडनीय मजकूर आहे असे राज्य शासनास दिसले, की कारणे नमूद करून अधिसूचना काढायची आणि सर्व प्रती जप्त ठरवायच्या. त्यापूर्वी कोणत्याही न्यायाधीशाने ते पुस्तक उघडलेले नसते. ज्यास हे मान्य नाही त्याने दोन महिन्यांत उच्च न्यायालयात जावे. तेथे तीन न्यायमूर्तींचे विशेष पीठ विचार करील. म्हणजे कार्यकारी सत्ता आधी शिक्षा देते आणि न्यायसत्ता मागाहून वाचते. मधला सारा काळ बंदीच्या खात्यावर जमा होतो.

हा काळ केवढा असतो? जेम्स लेन यांच्या शिवाजी महाराजांवरील पुस्तकातील काही मजकुरावरून क्षोभ उसळला. प्रकाशकाने ते २००३ मध्येच भारतातून मागे घेतले होते. ५ जानेवारी २००४ रोजी पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरावर हल्ला झाला आणि त्याच महिन्यात शासनाने बंदी घातली. मुंबई उच्च न्यायालयाने जप्तीची अधिसूचना रद्द केली ती २००७ मध्ये. सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम केला २०१० मध्ये. त्या मजकुराचे समर्थन करण्याचे आम्हांस कारण नाही. परंतु अधिसूचना का टिकली नाही, हे पाहण्याजोगे आहे. समाजासमाजांत वैर माजेल असे तीत म्हटले होते. ते समाज कोणते, हे सांगितले नव्हते. हा दोष शोधण्यास कायद्याची पदवी लागत नाही. बारकाईने वाचण्याची सवय लागते, आणि ती तर आमचाच व्यवसाय!

कारणे देणे हा उपचार नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्येच हरनाम दास खटल्यात सांगितले होते. कारणांवाचून काढलेला जप्तीचा आदेश त्याने रद्द केला. त्याही आधी, १९४६ मध्ये, नागपूर उच्च न्यायालयात न्या. व्हिव्हियन बोस यांनी वाचक कोण मानावा हा प्रश्न सोडवला होता. शब्दांचा परिणाम जोखायचा तो समंजस, खंबीर आणि धीट माणसांच्या मापाने. प्रत्येक विरोधी मतात संकट पाहणाऱ्या दुबळ्या मनांच्या मापाने नव्हे. 'तमस' मालिकेवरील १९८८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हेच माप स्वीकारले. वाचककेंद्री समीक्षेवर आमच्या विभागांत चर्चासत्रे भरतात. नागपूरच्या या वाचकाचा त्यांत उल्लेखही नसतो.

कोणी म्हणेल, दंगल पेटल्यावर शासनाने तीन न्यायमूर्तींची वाट पाहत बसावे काय? मुळीच नाही. दंगल करणाऱ्यास तत्काळ आवरावे. त्यासाठी पोलीस आहेतच. जमावाच्या धमकीपुढे अभिव्यक्ती दडपता येत नाही, तिचे रक्षण हे शासनाचे कर्तव्य आहे आणि प्रतिकूल प्रेक्षकांस आवरण्याची असमर्थता ही सबब चालणार नाही, असे १९८९ च्या रंगराजन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बजावले आहे. तरीही जमाव मोकळा राहतो आणि पुस्तक जप्त होते, कारण पुस्तक पकडणे सोपे असते.

न्यायालयाचे आभार मानून हे थांबणार नाही. न्यायालय अधिसूचना रद्द करू शकते. गेलेली वर्षे परत देऊ शकत नाही, आणि धास्तावलेल्या प्रकाशकास छापण्याचे धैर्यही देऊ शकत नाही. अधिसूचना निघते त्या दिवशीच तिची कारणे तपासून जाहीरपणे मांडणारे वाचक हवेत. ते आमच्या वर्गांतून घडायचे आहेत. आम्ही कादंबरीतील मौनाचे अर्थ लावतो. राजपत्रातील दोन परिच्छेद मात्र वकिलांचे काम म्हणून सोडून देतो. शासनाची बेफिकिरी आमच्या या आळसावरच पोसली आहे.